कोबीची चौकशी

२ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून या घरात अनोळखी अन्न येणार नाही. ठरलं.

काल वाचनालयात व्याख्यान ऐकलं, 'ताटामागची माणसं'. देजॉन शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मी जन्म घालवला. कुणाच्या नळाला कुठलं पाणी येतं ते मला पाठ. पण माझ्या ताटातला मुळा कुठून येतो, तो कुणी उपटला, उपटणाऱ्याला त्या रात्री ऊबदार खोली होती का, काहीच ठाऊक नाही. लाज वाटली. रिटायर झाल्यापासून हातात ठोस काम नव्हतं, ते मिळालं.

निर्णय: नदीकडचा मोठा मार्ट बंद. (छोटी दुकानं गिळतो.) पहाटे दारात खोकी आणून टाकणारं अ‍ॅप बंद. (ती पोरं रात्रभर धावतात.) अ‍ॅप माझ्या फोनवर नव्हतंच, म्हणून सुग्यंगच्या फोनवरून काढून टाकलं. ती आंघोळीला गेली होती. बायकोला असल्या तांत्रिक गोष्टींचा त्रास कशाला.

वेळही उत्तम साधली आहे. तेवीस तारखेला हिवाळ्याची किमची घालायची. आमच्या, आईच्या आणि धाकट्या भावाच्या घराला वसंतापर्यंत पुरेल एवढी. आजवर सगळी सूत्रं आईच्या हातात. यंदा आईचा फोन आला, "माझे गुडघे गेले आता. यंदा सुग्यंगने घालायची. मी नुसती चव सांगीन, बाकी तोंड उघडणार नाही." लग्न होऊन आल्यापासून सुग्यंगने दरवर्षी मुळे किसले, टब घासले. तिखट किती, खारवलेला जवळा किती, हे ठरवायचा मान पहिल्यांदाच मिळतोय. दोन दिवस गुणगुणतेय.

मी म्हटलं, खरेदीचं मी बघतो. ती म्हणाली, "नको, मी सगळं बोलून ठेवलंय."

बिचारी. सगळं एकटीने करायची सवय झालीय. तो भार मी उचलणार.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारात ओकबुनताईच्या गाळ्यावर गेलो. सुग्यंग नवी नवरी म्हणून या भागात आली तेव्हापासून भाजी हिच्याकडूनच घेते. किमचीसाठी चाळीस गड्डे कोबी सांगून ठेवलेला होता.

मी अत्यंत नम्रपणे विचारलं, कोबी कुठल्या गावचा? शेतकऱ्याचं नाव? मजूर किती? त्यांची राहायची सोय?

ओकबुनताई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कोबी समोर आहे, त्यालाच विचारा."

मी पुन्हा विचारलं. तेवढ्यात तिने दुसऱ्या बाईला कांद्याची पात प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली, आणि वर आणखी एक पिशवी. दोन पिशव्या! मी त्याकडे लक्ष वेधलं.

"साहेब, घ्यायचं असेल तर घ्या. मागे गिऱ्हाईक खोळंबलंय."

अशा ठिकाणी तत्त्वाशी तडजोड करता येत नाही. चाळीस गड्डे रद्द करतो म्हणून सांगितलं. तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"सुग्यंगला माहीत आहे?"

मी म्हटलं, हा घराचा निर्णय आहे. खोटं बोललो नाही. घरात मीही येतोच.

६ नोव्हेंबर

सुग्यंगला सांगायला योग्य क्षणाची वाट पाहतोय. सकाळी ती घाईत होती. दुपारी आनंदात होती. आनंदी माणसाला मध्येच थांबवणं बरं नव्हे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्राहक सहकारी भांडारात गेलो. माझ्यासारख्यांसाठीच ही जागा. भिंतीवर शेतकऱ्यांचे फोटो, सगळे हसरे. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, चाळीस गड्डे. त्या म्हणाल्या आधी सभासद व्हा, मग परिचयवर्गाला बसा. बसलो. दोन तास. शेवटी कळलं की कोबीची नोंदणी सप्टेंबरातच संपली.

"पुढच्या वर्षी लवकर या हं," बाई म्हणाल्या.

तत्त्वं चांगली आहेत यांची. लवचिकता कमी.

पण निघताना सूचनाफलकावर एक चिठ्ठी दिसली. 'ग्वेसानच्या पुढे डोंगरात. औषध नाही, खत नाही, जबरदस्ती नाही. नामगुंग.' तिथूनच फोन लावला. गृहस्थ पूर्वी सोलमध्ये विमा विकायचे, सहा वर्षांपूर्वी सगळं सोडून शेतीला लागले. तासभर बोललो. म्हणाले, "मी कोबी पिकवत नाही. कोबी आपला आपण पिकतो. मी फक्त त्याच्या शेजारी राहतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस गड्डे सांगितले. बावीस तारखेला, शुक्रवारी दुपारी, स्वतः ट्रकमधून आणून देणार. शुक्रवारी रात्री मिठात घालायचे, शनिवारी धुऊन मसाला भरायचा. गणित पक्कं.

१० नोव्हेंबर, रविवार

आज मार्टकडे फिरकलोही नाही. (आज मार्टला सुट्टी असते, पण तो मुद्दा वेगळा.)

संध्याकाळी वाईट प्रसंग. सुग्यंग ओकबुनताईला थोडे मुळे वाढवायला सांगायला गेली होती. रिकामी ट्रॉली ओढत परत आली. बूट काढले नाहीत, दारातच उभी.

"अहो, तुम्ही कोबी रद्द केलात?"

मी सगळं समजावलं. व्याख्यान, दोन पिशव्या, नामगुंग, शेजारी राहणारा कोबी. ती ऐकत होती असं मला वाटलं.

"ताईने मला आज बसायलासुद्धा सांगितलं नाही," ती म्हणाली. "सासूबाई आजारी होत्या तेव्हा महिनाभर घरी सूप आणून देत होती ती."

मी म्हटलं, भावना वेगळी, पुरवठ्याची साखळी वेगळी.

"कोबी येणार ना पण?"

"येणार म्हणजे येणारच. शब्द दिलाय."

"कुणी? माणसाने की कोबीने?"

हा टोमणा होता. मी मनावर घेतला नाही. पण रात्रीच्या जेवणाला नुसता भात आणि समुद्री शेवाळ होतं, आणि ती गुणगुणत नव्हती.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मिठाचा विषय निघाला. बाल्कनीत जाड मिठाचं पोतं आहे. आईने तीन वर्षं फळीवर ठेवून त्यातलं कडू पाणी झिरपू दिलेलं. आता अगदी कोरडं, हातात घेतलं तर वाळूसारखं सरकतं. पण मिठागरांवर माणसांना कसं राबवतात ते मी परवाच वाचलं. पोत्यावर मिठागराचं नाव नाही. नाव नसलेलं मीठ मी चार महिने खाणार? पोतं लिफ्टने खाली नेलं आणि वॉचमनला देऊन टाकलं. त्याला फार आनंद झाला.

भांडारातून दुसरं आणलं. पाकिटावर मिठागरवाल्याचा फोटो आहे. पाकीट लहान आहे, पण माणूस प्रामाणिक दिसतो.

१४ नोव्हेंबर

पहाटे पार्किंगच्या उतारावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. वॉचमनने तो वितळायला तिथे मीठ पसरलं. आईचं.

सुग्यंगने ते खिडकीतून पाहिलं. मी पेपर वाचत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सासूबाईंना हे तुम्ही सांगायचं."

सांगणार आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

आई आली. गावाहून स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून आणली आहे. आल्या आल्या बाल्कनीत गेली. बाहेर आली ती थेट माझ्यासमोर.

"जोंगग्यु, माझं मीठ?"

मी मजुरांबद्दल बोलायला सुरुवात केली. आईने हात वर करून मला थांबवलं. मग सुग्यंगकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "तुला आधी कळलं असतं तर तू थांबवलं असतंस. माहीत आहे मला." सुग्यंग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. नळ असा सोडू नये, पाणी वाया जातं. तेही बोललो. आज माझं कुणी ऐकत नाही.

टीव्हीवर सांगितलं, गुरुवारपासून कडाक्याची थंडी. नामगुंगना फोन केला. उचलला नाही. शेतात असणार.

१८ नोव्हेंबर

फोन उचलला नाही. चार वेळा.

सुग्यंगने विचारलं, बोलणं झालं का? मी म्हटलं, होत आलंय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उचलला! नामगुंग शांत होते. म्हणाले, कोबी अजून उपटलेला नाही. उपटायला माणसं नाहीत. शेजारच्या शेतावर परदेशी मजूर आहेत, पण त्यांना प्लास्टिकच्या शेडमध्ये ठेवतात, तिथली माणसं आणणं तत्त्वात बसत नाही. मला फार पटलं. "आणि कोबीला थंडीचाही अनुभव हवा," ते म्हणाले.

मी विचारलं, पण थंडीच्या अनुभवानंतर कोबी उरतो का?

ते म्हणाले, "तुम्ही आलात तर दोघं मिळून उपटू."

उद्या पहाटेच्या बसने निघतो. सुग्यंगला म्हटलं, काळजी करू नकोस, मी स्वतः जातोय. आई म्हणाली, "आयुष्यात कधी मुळा उपटला नाहीस तू." ज्यांनी शहराला पाणी पाजलं त्यांना असं ऐकावं लागतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

पडून लिहितोय. थोडक्यात लिहितो.

नामगुंगचं शेत डोंगराच्या उतारावर. कोबी दिसेना. "कुठाय?" म्हटलं. त्यांनी पायाजवळ बोट दाखवलं. आमच्याकडे भाताच्या वाट्या आहेत त्यांच्यापेक्षा थोडा मोठा एकेक गड्डा, पानांना एवढी भोकं की पलीकडचं गवत दिसत होतं. काही गड्ड्यांत गोगलगाई राहत होत्या, सहकुटुंब. मी म्हटलं, चव एकवटली असेल. नामगुंग म्हणाले, अगदी हेच माझं म्हणणं.

चहा घेतला. सहा वर्षांत त्यांच्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं म्हणाले. दुपारपर्यंत समाजरचनेवर चांगली चर्चा झाली. मग ऊन कलायला लागलं तेव्हा उपटायला लागलो.

तिसऱ्या ओळीत माझी कंबर धरली. धरली म्हणजे मी चिखलात चार पायांवर राहिलो तो राहिलोच. नामगुंगनी मला ओढत ट्रकमध्ये घातलं आणि गावच्या दवाखान्यात नेलं. तिथे रांग होती. इंजेक्शन, पट्टा, पुन्हा रांग. बाहेर आलो तर अंधार, आणि ट्रकच्या काचेवर दव गोठायला लागलेलं. सोसाट्याचा वारा. आता परत जाऊन उपटणं शक्य नव्हतं.

मी म्हटलं, माझ्यामुळे तुमचा कोबी गेला. ते लगेच म्हणाले, "छे, हा निसर्गाचा निर्णय." पण बस स्टँडपर्यंत हातांवर फुंकर घालत नुसता ट्रक चालवत राहिले. मला बसमध्ये बसवून खाली उतरले, मग खिडकीशी आले आणि म्हणाले, "बायको म्हणाली होती, या हंगामानंतर सोलला परत या. मी तिला सांगितलं होतं, यंदा एका गिऱ्हाइकाने एकदम चाळीस घेतलेत."

बस सुटली.

अर्धं पोतं भरेल एवढा कोबी मांडीवर घेऊन आलो. रिकाम्या हाताने आलो नाही, हे नोंदवून ठेवतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सुग्यंगने पोतं उघडलं. आईही वाकून पाहू लागली. आई हसायला लागली. भिंतीला धरून हसली, डोळे पुसले, आणि सुग्यंगचा चेहरा पाहून गप्प झाली.

"कोट घाल. ओकबुनकडे जाऊ," आई म्हणाली.

मी गादीवरून ओरडून सांगितलं, माझ्यातर्फे काही बोलू नका. त्या गेल्या.

रिकाम्या परत आल्या ते मला आतूनच कळलं, ट्रॉलीची चाकं हलकी वाजत होती. ओकबुनताईने आमचे चाळीस गड्डे रद्द झाले त्याच दिवशी एका खाणावळीला देऊन टाकलेले. तिचाही इलाज नव्हता, माल ठेवून करायचं काय? थंडीची बातमी आल्यापासून बाजारात कोबी नाही. आई मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "ओकबुन म्हणाली, साहेबांना विचारा, कोबीच्या जन्मपत्रिका जुळल्या का."

दुपारी भावजयीचा फोन. यंदा राहू द्यायची का, थोडी विकतची आणू, असं काहीतरी. सुग्यंग "बघते" म्हणाली. फोन ठेवल्यावर आईचा आवाज आला. "हे बघ, तुला जमत नसेल तर यंदाही मीच उभी राहते. गुडघ्यांना पट्टे बांधते."

मी श्वास रोखून पडलो होतो. खरं तर कमरेमुळे. पण रोखला होता.

"नाही," सुग्यंग म्हणाली. "मीच घालणार. कुठूनही आणीन, पण मीच घालणार."

इतक्या वर्षांत तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. आत बोलावून तिला दोन सूचना द्याव्यात असं मनात आलं. हाक मारली. आली नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे दाराबाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज, मग धप्प, मग पळणारी पावलं. मी आईला विचारलं, काय आलं? आई म्हणाली, "तू झोप."

सकाळी सगळे बाहेर. टब, हातमोजे, आईची सुरी, सगळं गेलं. किमची धाकट्याच्या घरी घालणार आहेत. त्याची न्हाणी मोठी आहे हे कारण सांगितलं. आमची तेवढीच आहे.

उशाशी पाणी, गोळ्या आणि तांदळाची पेज ठेवलेली. चिठ्ठी नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज तो दिवस. फोन लावला. धाकट्याने उचलला. मागे बायकांचा मोठा गलका, भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसत होतं. मी विचारलं, कोबी कसा आहे? तो म्हणाला, "दादा, हात तिखटाचे आहेत, नंतर करतो."

नंतर केला नाही.

मी माझ्या अनुभवावर वाचनालयात एक व्याख्यान देऊ शकेन. विषय सुचला: 'मूल्यांची किंमत'. मुद्दे काढायला घेतले. पहिल्या मुद्द्यावरच नामगुंग आठवले, त्यांनी हातांवर फुंकर घालत ट्रक चालवला होता. त्यांना फोन केला. बंद लागतोय.

आईने चव सांगितली असेल का? जास्त मीठ झालं तर सुग्यंगला किती लागेल. दिवसभर एवढाच विचार. गोळी घेऊनही झोप नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आले. धाकट्याने मोठे डबे फ्रिजमध्ये लावले आणि माझ्याशी नजर न मिळवता गेला. आईला तो परस्पर गावी सोडणार. आई जाताना माझ्या गादीपाशी आली. मला वाटलं, मिठाचं काढणार. म्हणाली, "मला तोंड उघडावं लागलं नाही. एकदाही नाही. पुढच्या वर्षी मी येतसुद्धा नाही, डबा पाठवून द्या." एवढं बोलून गेली. हसत होती.

सुग्यंगने ताट आणून ठेवलं. गरम भात, उकडलेलं डुकराचं मांस, ताज्या किमचीचं पान. मी पहिला घास घेतला. आईच्या हातची नव्हती, वेगळी होती. जवळा कमी, नासपती जास्त, मागून तिखट चढत जायचं. तीन वेळा वाढून घेतलं.

मग विचारू नये ते विचारलं. "कोबी कुठला?"

"मार्टचा," ती म्हणाली. "मिठात घातलेला, धुतलेला, तयार. मीठही तिथलंच. तिखट पहाटे खोक्यातून आलं. सासूबाईंना मार्ट फार आवडला. बसायला बाक आहे म्हणाल्या, आणि कुणी काही विचारत नाही."

मी नदीकडच्या मार्टबद्दल बोलायला तोंड उघडलं. तिने ताट उचललं.

"सकाळी ओकबुनताईला डबा देऊन आले. घेतला तिने. पण आता माझं तिचं पूर्वीसारखं व्हायला वेळ लागेल." मग दारात थांबून म्हणाली, "तुम्ही मजुरांना विचारायला निघालात, मिठागरवाल्यांना विचारायला निघालात. मला कुठून घ्यायचंय, ते एकदा विचारायचं होतंत."

मी म्हटलं, आपलं बोलणं झालं होतं की. ती म्हणाली, "कधी?"

आठवून पाहिलं. दोन तारखेला ती बोलली होती आणि मी त्याचा अर्थ माझा मीच लावला होता. दहाला ती बोलली होती आणि मी उत्तर दिलं होतं. त्यानंतर तिने तिचं म्हणणं मांडलंच नव्हतं.

विचारावं असं ठरवलं. आत्ता लगेच. भिंतीला धरून, पट्टा आवळून, स्वयंपाकघरापर्यंत गेलो. ती बैठकीच्या खोलीत जमिनीवरच झोपली होती, कुशीवर, कोट अंगात. हात अजून तिखटाने लाल आणि बोटं सुजलेली.

खांद्यावरून कोट सरकला होता. शेजारी पांघरूण घडी करून ठेवलेलं. घालायला वाकलो. कंबर अर्ध्यावरच अडली. तसाच थोडा वेळ राहिलो, मग परत सरळ झालो.

पायाने सरकवलं. तिच्या गुडघ्यापर्यंत पोहोचलं.